स्टेजखाली गेलेला नारळ

लेस्टरमधला आमच्या मराठी मंडळाचा जुना हॉल पाडायचा विचार आहे, असं कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. मंडळ चालवणाऱ्या काकूंनी ते मला मराठीत वाचून दाखवलं. सातवीत शाळा सुटलेली मी. इंग्रजी कागद आला की काकूंकडेच न्यायचा. लग्न होऊन इथे आले तेव्हा शिक्षण न विचारता काकूंनी मला हॉलच्या साफसफाईचं काम दिलं, किल्लीही दिली. या देशात माझ्या हाती आलेली पहिली किल्ली. हॉल गेला तर ती परत, आणि मी दिवसभर चार भिंतींत गप्प.

कौन्सिलचा इंजिनियर पाहणी करणार, तो सांगेल ते खरं. गळतीखालच्या बादल्या मी कपाटात लपवल्या. स्टेजच्या कडेच्या फळ्या पाण्याने फुगल्या होत्या, त्यांवर सतरंजी टाकली.

इंजिनियर आला. नुसता वहीत लिहीत होता. तो स्टेजकडे वळताच काकू म्हणाल्या, "अगं, नारळ आण. स्टेजवर काही करायचं तर आधी नारळ वाढवायचा."

"काकू, आज नको."

"इतकी नाटकं झाली इथे, एकदा तरी चुकवलाय? भित्री कुठली! आणि ही सतरंजी काढ, हिच्यावर कसा फुटेल?"

मी हलले नाही. त्यांनीच नारळ आणला, सतरंजी ओढली आणि तो फळीवर आपटला. फळी मोडली. नारळ अख्खाच्या अख्खा आत गेला.

"डोन्ट मूव्ह!" इंजिनियर ओरडला. पालथा पडून त्याने भोकातून टॉर्च मारला. संपलं सगळं, तेही माझ्या लपवाछपवीमुळे. रडत कपाट उघडून मी बादल्या दाखवल्या. "आय हाइड. सॉरी. वॉटर."

त्याने बादल्या मोजल्या नाहीत, फक्त कुठे ठेवायचीस म्हणून विचारलं. मी बोट दाखवलं. मग हात खाली घालून तो हातोडीने आतल्या तुळया ठोकत राहिला. ठण्, ठण्. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटायचे.

उठला तेव्हा त्याच्या हातात नारळ होता. काकूंकडे देत म्हणाला, तुळया भक्कम आहेत, फळ्या तेवढ्या बदला. छप्परही एकाच कोपऱ्यात गळतंय.

पाडायचं रद्द झाल्याचं पत्र काकूंनी मला दोनदा वाचून दाखवलं. हल्ली नारळ बाहेरच्या दगडी पायरीवर वाढवतो. किल्ली माझ्याकडेच आहे. स्टेज पुसताना त्या नव्या फळ्यांवर मात्र मी अजूनही आधी एकच पाय ठेवून बघते.