वहिनींची शेळी आणि पाच मिनिटांची कँडल

वहिनींची शेळी मी कसायाच्या दलालाला विकली. चुकून विकली, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. त्यातलं निम्मंच खरं आहे.

पाटोद्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी साडेदहापर्यंत तिकडं कुणी फिरकत नाही, म्हणून मी शेअर बाजाराचा नाद लावून घेतला. त्याच दिवशी घ्यायचं, त्याच दिवशी विकायचं. मोबाईलवर दर पाच मिनिटांच्या भावाची एक उभी कांडी उमटते, तिला कँडल म्हणतात. चढली तर हिरवी, पडली तर लाल. सव्वानऊला बाजार उघडला की पहिली पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. तेवढ्यात भाव जिथवर चढला तिथं आडवी रेघ मारायची. पुढची कँडल त्या रेघेच्या वर बंद झाली की मग शिरायचं. बंद झाल्यावर, आधी नाही. हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला होता आणि रोज चौथ्या मिनिटालाच शिरत होतो. पाचव्या मिनिटाला कँडल मान टाकायची आणि मी दिवसभर लोकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स तिरक्या काढायचो.

दादा आणि वहिनी गावाकडं असतात. थोडं कोरडवाहू रान, चार शेळ्या. दिवाळी झाली की दोघं ऊस तोडायला जातात. गेल्या साली निघताना तीन शेळ्या वहिनींच्या माहेरी ठेवल्या. चौथीला तिथं जागा नव्हती.

"भावजी, हिला बाजारात तुमीच न्या," वहिनी म्हणाल्या. "पण कसायाला देऊ नका. पाळणाऱ्यालाच द्या. भाव कमी आला तरी चालंल. बाटलीनं वाढवलीया मी तिला."

"पाळणाराच बघतो, वहिनी."

ट्रॉलीत भांडी चढवता चढवता दादा ओरडला, "अन् त्यो मोबाईल घरी ठेव बे!"

मी ठेवला नाही.

आमच्याकडं शेळ्यांचा सौदा अजून रुमालाखाली होतो. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. पटत नसेल तर हात सैल ठेवायचा. अख्खी मूठ आवळली की सौदा पक्का. मग कुणाच्या बापाला तो मोडता येत नाही.

बाजारात गेल्या गेल्या लिंबागणेशचे एक आजोबा भेटले. स्वतःच्या शेळ्या राखणारे. त्यांनी शेळीचे दात बघितले, कास बघितली, पाठीवरून हात फिरवला. "लई गुणाची दिसती. च्या पिऊन येतो, कुणाला देऊ नका," म्हणाले आणि गेले. माझं काम तिथंच झालं होतं. फक्त उभं राहायचं होतं.

तेवढ्यात तो दलाल आला. मटणाच्या दुकानांना जनावरं पुरवणारा.

"मास्तर, हात तर द्या. नुस्ता भाव ऐकायला काय जातंय?"

मला मास्तर का म्हणतात कोण जाणे. चष्म्यामुळे असावं. भिडेखातर मी उजवा हात दिला. डाव्या हातात मोबाईल होता. नऊ वाजून चौतीस मिनिटं. ज्या शेअरवर मी तीन दिवस टपून होतो, तो रेघेला टेकला होता. रुमालाखाली दलालाने दोन बोटं दाबली, मग तीन. मी हात सैल ठेवला. आणि कँडल उसळली, रेघेच्या पार वर. माझ्या अंगातून झिणझिणी गेली आणि दोन्ही हातांनी एकदमच काम केलं. डाव्या अंगठ्याने शेअर घेतला, उजव्या मुठीने शेळी दिली.

"झालं!" दलालाने रुमाल झटकला.

"अहो न्हाई, ते मोबाईलमुळं झालं..."

"मोबाईलनं दाबला व्हय माझा हात?"

आजूबाजूचे सगळे हसले. निम्मी खरी गोष्ट ती इथवर.

उरलेली निम्मी मी कुणालाच सांगत नव्हतो. शेळी टेम्पोला बांधून चांगली दहा मिनिटं उभी होती. आजोबा मिशा पुसत परत आले. सगळं ऐकून म्हणाले, "जादा देऊन सोडवा की! दलालच हाय त्यो. नफा दिसला की सोडंल. चला, मी बोलतो."

"एक मिनिट, आजोबा," मी म्हणालो. कारण कँडल रेघेच्या खाली बंद झाली होती आणि माझे पैसे त्या शेअरात अडकले होते. तो वर यायची वाट बघत मी उभा राहिलो. एक मिनिट, मग आणखी एक. मान वर केली तेव्हा टेम्पो गेलेला आणि आजोबाही गेलेले. शेअर वर आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

वहिनींना फोनवर सांगितलं, लिंबागणेशच्या एका पाळणाऱ्या आजोबांनी नेली. त्यांचा आवाज खुलला. "बेस झालं, भावजी."

मग माजलगावकडच्या कारखान्यावरून दर आठवड्याला त्यांचा फोन येऊ लागला. शेळी कशी हाय? मी आजोबांना विचारून आल्यासारखं सांगायचो. कधी बाभळीच्या शेंगा खाते म्हणायचो, कधी चांगलं अंग धरलंय म्हणायचो. जानेवारीत एकदा ऐन बाजाराच्या वेळी फोन आला. माझं चित्त चार्टवर, आणि तोंडातून निघून गेलं, "व्याली की! दोन झाली."

"अगं बया! रंग कसा?"

समोर लाल कँडल होती. "एक तांबडं." तिच्या शेजारची हिरवी होती. हिरवं तर म्हणता येईना. "अन् दुसरं काळं."

"भावजी, मी निघाले तवा ती गाभण न्हवती. अन् शेळीला पाच महिने लागत्यात. दोन महिन्यांत कशी व्याली?"

"तिकडची हवा..." मी म्हणालो.

"बरं. ठेवते."

त्या आठवड्यात मी एकही शेअर घेतला नाही. पुढचा फोन आलाच नाही. रविवारी एसटीने माजलगाव गाठलं आणि विचारत विचारत उसाच्या फडात गेलो. दादा गाडी भरायला गेला होता. वहिनी उसाच्या मोळ्या बांधत होत्या.

"तुमी? का म्हून आलात एवढ्या लांब?"

"शेळीचं सांगायला."

"परत व्याली का?"

हसू आलं नाही मला. त्यांनाही आलेलं नव्हतं. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"वहिनी, ती लिंबागणेशला गेलीच न्हाई. कसायाच्या दलालाला दिली मी. मूठ चुकून आवळली, पण नंतर तिला सोडवता येत होतं. ते आजोबा सांगत होते, अन् मी मोबाईलात बघत उभा राहिलो. ते चुकून न्हवतं. मग इतके दिवस तुमच्याशी खोटं बोललो. माझं लई चुकलं. मला माफ करा."