सगळ्या भाषांना आवतण

"भाऊ, पत्रिका सेवच होत न्हाई! तुमी पळत या!"

घोडेगावचे बबनराव फोनवर रडकुंडीला आले होते. दुकान लग्नपत्रिका छापायचं आणि लग्न त्यांच्याच मुलीचं. शिनोलीचे व्याही दुपारी पत्रिका न्यायला येणार होते.

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, टाकून देणं हा माझा धंदा. बबनरावांनी मात्र माझी सीडी नेऊन ती स्वतःच टाकली होती. मी दुकानात जाऊन हार्ड डिस्क बघितली. गच्च! जपानी, फिनिश, झुलू, सगळ्यांचे मेनू आणि डिक्शनऱ्या आत ठाण मांडून बसलेल्या.

"एवढ्या भाषा कशाला?"

"इन्स्टॉल करताना विचारलं त्यानं. एकाला टिक केलं अन् दुसऱ्याला वगळलं, तर बरं दिसतं का राव?"

पत्रिकेत एक चुलता राहिला तर भावकी रुसते. बबनरावांनी तोच नियम इथं लावला होता. धन्य!

"काढतो सगळ्या," मी म्हणालो.

"आलेल्या पावण्याला ऊठ म्हणायचं? काढायचं तर घरचं काढा. ही हिंदी काढा. टीव्हीवर रोज ऐकतोय की."

"अहो, थांबा, मराठीची अक्षरंपण त्याच पॅकेजमध्ये..." मी म्हणेपर्यंत त्यांनी माउस ओढून हिंदी उडवलीसुद्धा. जागा झाली. फाइल सेव झाली. बबनराव खूश! पत्रिका पुन्हा उघडली, तर नवरी, नवरा, मामा, सगळ्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन.

तेवढ्यात व्याही दारात. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ह्यात आमी कुठं?"

"दुसऱ्या वळीत, मोठा चौकोन," बबनराव पुटपुटले.

व्याह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बबनराव माझ्याकडे वळले. माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, पोरीच्या लग्नाचा इषय हाय. कुणालाबी काढा!"

मी धडाधड भाषा उडवल्या आणि हिंदी सीडीवरून परत टाकली. नावं फाइलमध्ये शाबूत होती, दाखवायला अक्षरं तेवढी नव्हती. पत्रिका छापल्या. व्याह्यांनी आपलं नाव दोनदा वाचलं, मग कुठं हसले. जपानी काढताना मात्र बबनराव तोंड फिरवून बसले होते.

तेव्हापासून इन्स्टॉल करताना भाषा निवडायची वेळ आली, की मी गिऱ्हाइकाला चहा सांगायला पाठवतो.