लक्ष्मीला लाथ

माझ्या गावाहून, चेण्याहून, मी निघाले तेव्हा कोणी रडलं नाही, कारण कापणी तोंडावर आली होती. आईच्या हातात विळा होता. तिने तो कमरेला खोचला, बैलगाडीच्या चाकाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "शेरात जळण इकत घ्यावं लागतंय म्हणतात. बाय, चुलीला इकत खाऊ घालू नको." एवढाच तिचा उपदेश. माझा थोरला भाऊ हिराजीदादा गाडीवानाला म्हणाला, "सावकाश ने रे, परत हीच गाडी लागल." गाडीवान हसला. मीही हसले, पण मागे वळून पाहिलं नाही. घोडबंदरच्या रस्त्याला तेव्हा इतके खड्डे होते, की मान वळवली असती तर मोडलीच असती.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांसाठीही. आपण गेलो म्हणजे काहीतरी टाकून गेलो, असं दोन्हीकडची माणसं धरून चालतात. मला ते मान्य नाही.

माझा नवरा फिटर. पुण्याबाहेरच्या एका सरकारी शेतकी फार्मावर त्याला नोकरी लागली होती. तिथे पिकं कमी आणि यंत्रं जास्त. दाते वाकवलेली कोळपी, नाना तऱ्हेचे नांगर, आणि एका शेडमध्ये भाताची मळणी करणारं लाकडी ढोलाचं यंत्र. ढोलावर तारेच्या कड्या ठोकलेल्या. खाली शिवणयंत्राला असतो तसा पायटा. पायटा मारला की ढोल फिरतो, पेंढी वरून धरली की दाणे झडतात आणि पेंढा हातात अख्खा राहतो. कापणी-झोडणी बायकाच करतात, म्हणून चाचणीला बायका हव्यात, असं इंजिनियरसाहेबांनी ठरवलं. क्वार्टरमधल्या आम्ही चारपाच जणी पुढे झालो. पुढे त्याचं पथक झालं आणि पथकाची मुकादम मी.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली. रॉकेल मिळेना, पेट्रोल तर साहेबांनाही मिळेना. पुण्यातल्या बसगाड्या मागे लोखंडी पिंप बांधून कोळशाच्या ग्यासवर चालायला लागल्या. आमचे साहेब म्हणाले, कोळशासाठी रान का तोडायचं? भाताचं तूस आहे, पेंढ्याचे तुकडे आहेत, त्यांचा ग्यास करू. पिंप भरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी ते आई राब रचते तसं भरलं. चेण्यात रोपाची जागा आधी भाजून घेतात. खाली शेण, वर पाला, वर पेंढा आणि सगळ्यावर माती, म्हणजे धग आत राहते आणि राब धुमसत भाजतो. मी तूस दाबून दाबून भरलं आणि वर मातीसारखी राख थापली. इंजिनाने दोन ठसके दिले आणि ते गप्प झालं. साहेबांनी झाकण काढून आत पाहिलं.

"बाई, हे इंजिन आहे. याच्यावर रोप उगवायचं नाहीये."

सगळे हसले. मी पिंप उपसलं आणि पुन्हा सैल भरलं. त्यानंतर ते इंजिन पाणी ओढायला लागलं आणि भातगिरणीही फिरवायला लागलं, म्हणजे गिरणीतून निघालेलं तूसच गिरणी चालवी. डांबरासारखा काळा चिकटा नळीत साचायचा, तो रोज खरवडावा लागे. माझी नखं कायमची काळी झाली. पण आईला सांगायला एक गोष्ट मिळाली: चुलीलाच काय, मी इंजिनालाही विकत खाऊ घातलं नाही.

लढाई चालू असतानाच नवरा हिवतापाने गेला. हिराजीदादा न्यायला आला. "चल घरी. एक तोंड जड न्हाय आमाला." तो प्रेमाने बोलत होता, हे मला कळत होतं. पण मी तोंड म्हणून परत जायला तयार नव्हते. माझे हात होते, पाय होते आणि पथक होतं. तो एकटाच परत गेला.

लढाई संपली, तसा वरून हुकूम आला की खर्च कमी करा. साहेबांनी मला बोलावलं. "बाई, तुमचं पथक बंद करा म्हणतायत. फार्मावर बायका यंत्र चालवतात, खेड्यात कोण चालवणार, असं त्यांचं म्हणणं. एखाद्या गावातल्या बायकांनी आपल्या खळ्यावर चालवून दाखवलं, तर मी भांडेन."

पथक गेलं की क्वार्टर जाणार आणि क्वार्टर गेलं की मी दादाच्या ओटीवर. मी म्हणाले, "चेण्याला नेऊ."

मार्गशीर्षात यंत्र गाडीवर घालून आम्ही चेण्याला पोचलो. खळं शेणाने सारवलेलं, भारे रचलेले. मी रीतीप्रमाणे चपला बाहेर काढल्या. यंत्र उतरलं. दादाने त्याच्याभोवती फेरी मारली.

"तुसावर इंजिन चालवतेस म्हनं. मग आमच्या राबावर आगगाडी चालव की."

"रूळ टाक, चालवते."

माणसं हसली. मग मी पायट्यावर पाय ठेवला आणि हसू थांबलं. दादाचा चेहरा उतरला.

"पाय काढ. नवा दाना हाय. लक्ष्मीला लाथ मारतेस?"

मी इतकी वर्षं फार्मावर पायटा मारत होते, पण तो लक्ष्मीला लागतो असं माझ्या मनातही आलं नव्हतं. खळ्यात चपला घालायच्या नाहीत, दाण्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे मीही करतच आले होते. क्षणभर पाय खरंच मागे आला. समोर फळीवर पेंढ्या आपटून आपटून दोन्ही हात सुजलेली वहिनी बसली होती. तिचे हात पाहिले आणि पाय पुन्हा पुढे गेला.

"घाटावर बैल मळणी करतो दादा. तो काय हातांनी करतो?"

"बैलाची गोष्ट न्यारी. आनी आमी मळत न्हाय, झोडतो."

"म्हणजे लक्ष्मीला झोडपलेलं चालतं, नुसता पाय लागलेला चालत नाही?"

साहेब दूर शेताच्या बांधावर उभे होते, ते जमिनीकडे पाहू लागले. मी बायकांकडे वळले. "जिचे खांदे दुखत नाहीत, तिने बसून राहा."

वहिनी उठली. कमरेला पेंढी घेतली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पायट्यावर पाय ठेवला.

"घरात ये, मंग बघतो," दादा म्हणाला.

"बघा. आदी ती पेंढी द्या इकडं," वहिनी म्हणाली.

ढोल फिरला. तिची पहिली पेंढी अर्धी तशीच राहिली, दुसरी साफ झाली. मग बाया रांगेने आल्या. आई सुपाने पाखडत बसली होती. तिने झडलेली पेंढी उचलली, वाकवली, ताणली. "मोडला न्हाय पेंढा. छपराला चालल," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. साहेबांनी नंतर वरच्यांशी काय भांडण केलं मला माहीत नाही. पथक राहिलं.

पुढच्या साली दादाने माणसाकरवी सांगावा धाडला: यंत्र पाठव, तू येऊ नको, पायट्याला मी गडी लावीन. मी त्याच माणसाबरोबर उलटा सांगावा दिला की यंत्र एकटं प्रवास करत नाही. ते मला घेऊनच गेलं.

तेव्हापासून दरसाल जाते. मला विचारतात, तुझं घर कुठलं? पुण्याला माझी चूल आहे, तिच्यात तूस जळतं. चेण्याला खळं आहे. दादा अजून तोंड फिरवून बसतो, पण पेंढ्या तोच पुरवतो. त्याच्या आणि माझ्या देवाचं भांडण नाही. खळ्याशी आले की चपला मी अजूनही बाहेरच काढते. पाय मात्र आत घेऊन जाते.