मासे साफ करणारा बापया

खेडच्या एसटीत आमच्या पुढच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती. शेजारणीच्या गुडघ्यावर थाप मारल्याशिवाय तिला बोलताच येत नव्हतं.

"अगो, तो नवीन मासेवाला साफ करून घरपोच देतो ना, त्याच्याकडनंच घे. बापया माणूस मासे साफ करतो, म्हणजे बायको सोडून गेली असणार बिचाऱ्याची. मी अख्ख्या वाडीला सांगितलंय."

आणि तिने चक्क डोळे पुसले.

तो बापया मीच! महिनाभर पत्रकं वाटूनही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं आणि या आठवड्यात मात्र फोन थांबत नव्हता. मी तिला सांगायला उठणार, तोच शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने शर्ट ओढला. तोंडावर ओढणी घेत ती पुटपुटली, "गप बसा. उद्या रविवार आहे."