नव्या कानांची मिस्सा

माझे सासरे इनास नुनीस यांनी जन्मभर उत्तनच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त केली. पत्र्याची बंद शेड, आत धडधडणारं डिझेल इंजिन आणि त्याला खेटून बसलेला माणूस. कानांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पन्नाशीच्या आतच दोन्ही कान गेले. त्याचं त्यांनी फार मनावर घेतलं नाही. इंजिनावर तळवा टेकवला की कुठे हवा धरलीय, कुठला नट ढिला आहे ते त्यांना कळत असे. अडायचं ते माणसांशी बोलताना. माणसांना ओरडावं लागे, आणि सगळ्यांत जास्त ओरडावं लागे ते माझ्या सासूबाईंना.

मी पराग, मीरा रोडला वाढलेला. त्यांची मुलगी जॉस्लिन आणि मी एकाच ऑफिसात होतो. लग्नाचं बोलायला पहिल्यांदा उत्तनला गेलो तेव्हा दारातच थबकलो. आत कडाक्याचं भांडण चालू होतं. मी जॉस्लिनला म्हटलं, आपण नंतर येऊ या का? ती म्हणाली, "भांडण कुठलं? बोंबलाच्या कालवणात चिंच किती घालायची ते विचारतेय मम्मी."

हे घर दर रविवारी सकाळच्या मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला जातं; चर्चला इथे देऊळच म्हणतात. लग्नानंतर मीही अधूनमधून जाऊ लागलो. मी ख्रिस्ती नाही, पण कुणी मला कधी तू इथे कसा असं विचारलं नाही. आधी जॉस्लिनसोबत म्हणून जायचो, मग पप्पांना बघायला जाऊ लागलो. पुढून तिसऱ्या बाकावर, खांबाच्या बाजूला त्यांची जागा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांत ग्रीसचा काळा कण नाही. शेजारी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त बस्त्याव. बस्त्याव उभा राहिला की पप्पा उभे राहायचे, तो गुडघे टेकायचा तेव्हा हेही टेकायचे. गाणी त्यांना कान चांगले होते तेव्हापासूनची पाठ होती आणि ती ते खणखणीत आवाजात म्हणायचे, पण एक ओळ मागून. सगळं देऊळ गाणं संपवून थांबायचं आणि मग पप्पांची शेवटची ओळ एकटीच छतापर्यंत जायची. फादर रेमंड ती संपेपर्यंत पुस्तकावर बोट ठेवून उभे राहायचे. गावाला याची इतकी सवय झाली होती की कुणी वळूनसुद्धा बघत नसे.

एकदा मिस्सा चालू असतानाच मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं होतं, "पप्पा, एक शब्द ऐकू येत नाही, मग इथे तासभर काय करता?"

"देव हाय हितं," ते म्हणाले. मग माझा हात धरून त्यांनी बाकाच्या लाकडावर ठेवला. लोक गात होते. लाकूड बारीक थरथरत होतं. "आलं ना हातात?" ते म्हणाले. त्यांच्या मते देऊळ ही उत्तनातली सगळ्यात शांत, सगळ्यात पवित्र जागा होती. बाहेर बंदर, मासळी, गाड्या, भांडणं, आणि आत सगळी माणसं एका मनाने देवापुढे उभी. असं त्यांना वीस-पंचवीस वर्षं दिसत आलं होतं.

गेल्या वर्षी मम्मींचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी असेल. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, महिना झाला, तरी घशातून नुसती खरखर येई. शेवटी जॉस्लिनने त्यांना, पप्पांसोबत, भाईंदरला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही शाळेत शिकवता का?"

मम्मींनी मान हलवली.

"मग इतकं ओरडता कुणावर?"

मम्मींनी शेजारी बसलेल्या पप्पांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मम्मींना महिनाभर मौन सांगितलं आणि पप्पांना कानाच्या मशीनसाठी पाठवलं. पप्पा याआधी दर वेळी नाही म्हणत आले होते, "म्हातारपणी कानात खेळणी कशाला?" म्हणून. या वेळी त्यांनी मम्मींच्या घशाकडे बघितलं आणि गाडीत बसले.

मीरा रोडला नेहा नावाची एक मुलगी कान तपासून मशीन बसवून देते. पप्पा-मम्मींना मीच घेऊन गेलो होतो. तिने पप्पांच्या दोन्ही कानांत मशीन बसवली, कॉम्प्युटरवर काहीतरी फिरवलं आणि साध्या आवाजात विचारलं, "काका, येतंय ऐकू?"

पप्पा दचकले. आधी पंख्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग मम्मींकडे. मम्मी मौन विसरून खरखरत म्हणाल्या, "आयकतंव काय ओ?"

"तुझा आवाज असा हाय?" पप्पा म्हणाले. "लग्नात येगळा व्हता."

नेहा हसून टेबलावर वाकली. निघताना तिने बजावलं, "काका, सुरुवातीला सगळेच आवाज एकदम अंगावर येतील. तुमचे कान खूप वर्षं सुट्टीवर होते. कुठलं ऐकायचं आणि कुठलं सोडायचं ते त्यांना परत शिकावं लागेल. पण मशीन काढून ठेवायचं नाही."

पहिला आठवडा मजेत गेला. तव्यात मासा टाकला की चर्र होतं, हे ते विसरून गेले होते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तळण ऐकायचे. पायरीवर बसून समुद्र ऐकायचे. जॉस्लिनला फोन करून विचारायचे, "तुझ्या घरी ते टकटक काय वाजतंय गो?" आणि रविवारची तर ते लहान पोरासारखी वाट बघत होते. आता फादरांचं बोलणं समजणार होतं, आता ती एका मनाची प्रार्थना कानांनी ऐकायला मिळणार होती.

त्या रविवारी मी होतो सोबत. मिस्सा सुरू व्हायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरायला लागला. डोक्यावरचा पंखा दर फेरीला कटकट करत होता. पुढच्या बाकावरचं पोर वेफर्सच्या पाकिटात हात घालून खरखर करत होतं. मागच्या बाकावर दोन बायका सुक्या बोंबलाला यंदा कसा उठाव नाही ते बोलत होत्या, आणि पहिलं वाचन सुरू झालं तरी त्यांचं बोलणं काही संपलं नाही. कुणाच्या तरी पर्समध्ये फोनवर नाचाचं गाणं वाजलं. माईक दोनदा किंचाळला. गाणं सुरू झालं तेव्हा पप्पांना कळलं की बस्त्याव, ज्याच्याकडे बघून ते इतकी वर्षं उठत-बसत होते, तो अजिबात सुरात गात नाही.

आणि मग त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. सगळे थांबले होते आणि एकटे तेच गात होते. ओळ अर्धी टाकून ते गप्प बसले. पुढे फादरांनी प्रवचनाच्या शेवटी देवळासमोर स्कूटर आडव्या लावू नका म्हणून सांगितलं, तेव्हा पप्पांनी दोन्ही मशीन काढून खिशात टाकली.

बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाले, "दर रविवारी असंच चालतं काय रे हितं?"

"असंच चालतं, पप्पा."

"आणि तुम्हाला सगळ्यांना ठाव व्हतं?"

मी मान डोलावली. ते घरी गेले आणि जेवणात लक्ष नव्हतं त्यांचं. मम्मींनी मौनातच दुसरा पापलेट वाढला, तोही तसाच राहिला.

पुढच्या रविवारी ते मशीन घरी ठेवून गेले. पण जुनी शांतता काही परत येईना. कान बंद होते, तरी पंखा कटकटतोय, मागे बोंबील चाललेत, हे आता त्यांना माहीत होतं. आणि गाण्याला तर त्यांनी तोंडच उघडलं नाही. जॉस्लिन सांगत होती, गाणं संपल्यावर फादर सवयीने पुस्तकावर बोट ठेवून थांबले, अख्खं देऊळ थांबलं, आणि कुणाचाच आवाज आला नाही तेव्हा लोक माना वळवून बघायला लागले.

मिस्सेनंतर फादर रेमंड त्यांना दारातच भेटले. बोललेलं कळावं म्हणून ते नेहमीप्रमाणे पप्पांच्या समोर उभे राहून सावकाश बोलले. "इनास, गाणं बंद का?"

"फादर, मी मागं ऱ्हातो."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे."

"मना माहीत न्हवतं." मग पप्पांच्या मनातलं बाहेर आलं. त्यांना वाटायचं, या चार भिंतींत आलं की माणसं बदलतात. त्यांनी इतकी वर्षं हेच बघितलं होतं. आता कळलं की माणसं बाहेर असतात तशीच आत असतात, फक्त आपल्याला ते ऐकू येत नव्हतं. "मग देवासमोर आलो, देवासमोर आलो म्हणतो ते काय?"

फादरांनी मोठं उत्तर दिलं नाही. त्यांनी विचारलं, "मशीन लावून पूर्ण मिस्सा ऐकलीत का?"

"अर्धी."

"मग पूर्ण ऐका. अर्ध्या इंजिनावरून तुम्ही कधी निकाल देत नाही."

पुढच्याच रविवारी पप्पा-मम्मींच्या लग्नाचा वाढदिवस होता. त्यांच्या नावाने मिस्सा होती, म्हणून आम्ही सगळे गेलो. मम्मींनी ठेवणीतली साडी नेसली होती. पप्पांनी मशीन लावली होती, पण चेहरा दात काढायला निघालेल्या माणसासारखा. पंखा होता, पोरं होती, मागच्या त्याच दोघी बायका होत्या आणि त्यांचा विषय बोंबलावरून सुनेवर आला होता. पप्पा जबडा घट्ट धरून बसले. प्रवचन झालं, अर्पण झालं. सगळ्यांनी उभं राहून ज्यात तीनदा ‘पवित्र’ येतं ते गाणं म्हटलं. गिटार वाजत होती, बस्त्याव आपल्या मनाने गात होता. मग गुडघे टेकल्याचा, बाक सरकल्याचा मोठा धडधड आवाज झाला.

मी गुडघे टेकत नाही. बसून मान खाली घालतो. त्यामुळे मला पप्पा बाजूने दिसत होते.

वेदीपाशी बारीक घंटा वाजली. ती त्यांना ऐकू आली असावी, कारण त्यांनी एकदम मान वर केली. फादरांनी भाकर दोन्ही हातांनी उंच धरली. येशूने आपल्या शिष्यांना मोडून दिली तीच ही भाकर, तेच त्याचं शरीर, असं इथे मानतात. आणि त्या क्षणी सगळं थांबलं.

पप्पांचा हात झटकन कानाकडे गेला. त्यांनी मशीनवर बोटाने टिचकी मारली. मग दुसऱ्या मशीनवर. मग त्यांचा हात तसाच हवेत राहिला आणि त्यांनी हळूच मागे वळून बघितलं. मागच्या दोघी डोळे मिटून, डोकं टेकून होत्या. वेफर्सवालं पोर आईच्या खांद्यावरून टक लावून वेदीकडे बघत होतं. बस्त्यावचे ओठ मिटलेले होते. एवढं भरलेलं देऊळ, त्यात खोकणारे, बोलणारे, भांडणारे, रडणारे, आणि एकाच्याही घशातून आवाज नाही. फक्त पंखा कटकटत होता, आणि त्या कटकटीमुळेच बाकीचं किती शांत आहे ते कळत होतं.

मी बऱ्याच मिस्सा बघितल्या होत्या. तो क्षण दर वेळी येतो आणि मला तो ओळखीचा झाला होता. त्या दिवशी मात्र माझ्या अंगावर काटा आला. घंटा दुसऱ्यांदा वाजली, फादरांनी द्राक्षरसाचा प्याला उंच धरला. नंतर सगळे उभे राहिले, पुन्हा खोकले सुरू झाले, आणि पप्पा गुडघ्यांवरच होते. मम्मींनी बाही ओढली तरी ते उठले नाहीत.

जेवायला बसल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. "मना वाटलं मशीन मेलं. टिचकी मारली तर आवाज आला. म्हणजे मशीन चालू. मग हे काय? मग समजलं, सगळे गप झालेत." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मी गप व्हतो इतकी वर्षं, त्यात माझं काय? मना आयकूच येत न्हवतं. पण या बाया रे. या बाया गप झाल्या. त्यांना कुणी गप बसा म्हटलं न्हाय."

"बाया म्हणे," मम्मी म्हणाल्या. महिना भरला होता आणि त्यांचा आवाज अर्धा-अधिक परतला होता. "तुमचा बस्त्याव काय कमी बोलतो?"

"तोबी गप झाला," पप्पा गंभीरपणे म्हणाले. "म्हंजे समोर कोण आला असंल ते बघ."

जेवण भरपूर झालं. दुपारी सगळे आडवे झाले, पण पप्पांना चैन पडेना. चल जरा, म्हणून त्यांनी मला उठवलं आणि पुन्हा देवळात नेलं. आत कुणी नव्हतं. पंखे बंद, दारातून समुद्राचा वारा. पप्पा आपल्या बाकावर बसले, मशीन नीट दाबून घेतली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"ही नुसती शांतता हाय," ते म्हणाले. "रिकाम्या शेडमधी असते तशी. चांगली हाय, पण ती न्हाय."

"मग पुढच्या रविवारची वाट बघायची," मी म्हणालो.

त्यांनी एवढी वाट बघितली नाही. सोमवारी सकाळी ते एकटेच साध्या दिवसाच्या मिस्सेला गेले. घरी आल्यावर मला ऑफिसात फोन केला. पहिल्यांदाच ते ओरडत नव्हते, मला फोन कानापासून लांब धरावा लागला नाही. म्हणाले, सातच म्हाताऱ्या व्हत्या आणि मी. गिटार न्हाय, काय न्हाय. दोघींचं आधी जागेवरून भांडण झालं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग घंटा वाजली," पप्पा म्हणाले. "गप झाल्या. तशाच."