दोन देशांतल्या गाई आणि आमचा बेसमेंटवाला

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षर तर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं. चौथीनंतर पाटी सुटली, माफी असावी. पण आमच्या बेसमेंटमधल्या भाडेकरूइतका गाईंचा विचार खुद्द गाईंनीही केला नसेल, हे मी खात्रीनं लिहिते.

पोरगा नागपूरचा, अंड्यालाही न शिवणारा, आणि शिकतो काय, तर मांसासाठी गाई पाळणं अमेरिकेत जास्त परवडतं की कॅनडात. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या ट्रॉयहून निघून पूल ओलांडला की कॅनडा, म्हणून दर शनिवारी स्वारी पलीकडे. तिकडचे चाऱ्याचे भाव तो गरम पोळी खाताना मला ऐकवायचा. नातीच्या बारशाला सगळे नाव विचारत होते, यानं विचारलं, "जन्माचं वजन किती?" माझी मुलगी म्हणाली, "यार, ही कालवड नाहीये." तो गंभीरपणे म्हणाला, "माहितीये ताई. कालवडीचं मला पाठ आहे."

पुढे पुस्तकातले आकडे त्याला पुरेनात. इकडे एक गाय, तिकडे एक, दोन्ही तिथल्या शेतकऱ्यांकडे ठेवायच्या आणि खर्च ताडून पाहायचा, असं त्यानं ठरवलं. इकडची त्यानं स्वतः घेतली. तिकडच्या गाईसाठी मी दोन हजार डॉलर दिले, पोळ्या विकून साठवलेले, मुलीला न सांगता.

इकडची वेळेवर व्याली. तिकडची गाभणच नाही, असं डॉक्टरनं तपासून सांगितलं. तो तक्ता घेऊन माझ्यासमोर बसला. "मावशी, रिकामी गाय हिवाळाभर पोसणं परवडत नाही. शुक्रवारी कत्तलखान्याला देतो. निम्मे पैसे तरी येतील."

मला कुणापुढे बोलायला सुचत नाही, पण तेव्हा म्हटलं, "आधी मला दाखव."

त्यानं व्हिडिओ कॉल लावला. शेतकरी फोन घेऊन गाईमागं फिरला. कास भरली होती, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते. लहानपणी गोठ्यात मी हेच बघायचे.

"विकू नकोस. आठ दिवसांत विते ही."

"पण मावशी, रिपोर्ट..."

"रिपोर्टनं कास पाहिलीय का?"

त्यानं कत्तलखान्याचा ट्रक थांबवला. सहाव्या दिवशी तो पायात दोन वेगळ्या चपला घालून जिना चढत आला, हातात वासराचा फोटो. मग तक्त्यात त्यानं 'मावशी' असा नवा रकाना पाडला. त्याच्या कॉलेजातल्या सरांनी विचारलं तर म्हणाला, "सर, या बाबतीत कॅनडा मागे आहे."

वासरू मोठं होऊन विकलं गेलं. कुणाला, ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. त्याला नेब्रास्कात नोकरी लागली. निघताना त्यानं ओट्यावर दोन हजार डॉलर मोजून ठेवले, एकही कमी नाही. तरी मी ते पुन्हा सावकाश मोजले. तेवढा वेळ तो थांबणार होता.