पोर्टाची झिलई

आमचं घर डिचोलीतल्या कासारांचं. पितळेच्या समया घडवायच्या आणि त्या अशा घासायच्या की तोंड दिसावं. एक ओरखडा दिसला तरी बाबा समई पुन्हा घासायला घेत, मग गिऱ्हाईक दारात ताटकळत का उभं असेना. अशा माणसाच्या पोटी मी मेकॅनिक निघालो. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी मी बाजाराच्या टोकाला गॅरेज थाटलं. बाबा नारळ फोडायलाही आले नाहीत. "त्या तेलकट हातांनी पितळेक हात लावूं नाका," एवढंच म्हणाले. मीही तापट. म्हटलं, नाही लावत जा.

पहिलं मोठं काम आलं ते मुळगावच्या एका पायलटाचं. पायलट म्हणजे आमच्याकडे मोटरसायकलवरून भाड्याने माणसं पोचवणारा. त्याची गाडी मागे माणूस बसला की गावच्या चढणीवर दम सोडायची. उतारू अर्ध्यावर उतरून चालायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा पायलट धरायचा.

"हिणें ती चडण चडूंक जाय," तो म्हणाला, म्हणजे गाडी चढायलाच हवी. "ना जाल्यार हिका विकतां आनी खाणीर कामाक वतां."

मी इंजिनाचं हेड उघडलं. पेट्रोल आणि हवा ज्या वाटेने आत जाते त्या पोर्टात ओतकामाच्या गुठळ्या तशाच राहिलेल्या, आणि तोंडाशी एक काठ आडवा आलेला. कानशीने गुठळ्या काढल्या, काठ जुळवला. इथे थांबायला हवं होतं. पण हात पडले कासाराचे! बारीक पॉलिश पेपर, त्याहून बारीक, शेवटी घरातून ढापलेली झिलईची पूड. दोन दिवस घासत होतो. पोर्ट असा लखलखला की शेजारच्या दुकानदाराला हाक मारून दाखवला.

गाडी जोडली. चढणीच्या पायथ्याशीच ती खोकली, अडखळली, बंद पडली. आधीपेक्षा वाईट. पायलट गाडी ढकलत परत आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हेड पुन्हा काढून घरी आणलं आणि खाणीच्या वर्कशॉपातल्या कोल्हापूरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने आत डोकावून पाहिलं आणि ओसरीवर बसून पोट धरून हसला.

"आरशागत केलंस व्हय रं? पेट्रोलला काय त्यात भांग पाडायचाय?"

मग नीट सांगितलं. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचतात आणि ओघळतात. भिंत जराशी खरखरीत असली की पेट्रोल हवेत मिसळून जातं. "रफ पेपर घे आन् खरवड."

पेपर घेतला, पण हात चालेना. लहानपणापासून एकेका ओरखड्यासाठी धपाटे खाल्लेले. खरं सांगतो, रडू येत होतं.

बाजूला बाबा समई घासत होते. ते उठले. "हाड हांगा," म्हणत हेड माझ्याकडून ओढून घेतलं.

पोर्टात बोट घालून सावकाश फिरवलं. "झिलय बरी केल्या रे तुवें," म्हणाले. असं ते मला कधीच म्हणाले नव्हते. मग रफ पेपर बोटाला गुंडाळला आणि ती झिलई सगळीच्या सगळी खरवडून काढली.

संध्याकाळी चढणीखाली पायलटाच्या मागे बसायला मी पुढे झालो, तर बाबांनी माझ्या किरकोळ अंगाकडे पाहून मला बाजूला सारलं. "तूं सुको बांगडो. हांव बसतां."

धोतर सावरून बसले. गाडी निघाली, मी मागून धावत. वळणावर ती दिसेनाशी झाली, आवाज मात्र एकसारखा वर वर जात राहिला. धापा टाकत माथ्यावर पोचलो तेव्हा पायलट हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. बाबा अजून मागेच बसलेले.

त्यांनी काळे, तेलकट हात माझ्यासमोर धरले.

"हे हात आयज पितळेक लागूंक जायनात," म्हणाले, आणि पायलटाच्या खांद्यावर थाप मारली. "आनीक एक फेरी मार रे."